चाकोरीचं माप

चतुराबाईंचं कार्ड आलं तेव्हा चाकणकडे कांद्याचं बी टाकायचे दिवस होते. रोपं उगवली, वाढली, उपटून शेतात लागूनही गेली, तरी ते कार्ड माझ्या शब्दकोशात 'म'च्या पानांतच पडून होतं. धूळ पुसताना मंजुषा, म्हणजे माझी बायको, अढीतला आंबा चाचपावा तसा शब्दकोश दाबून बघायची आणि विचारायची, "काय हो, पिकलं की नाही अजून?"

पिकत नव्हतं. कार्डावरचा मजकूर असा होता :

'मास्तरांस नमस्कार. तुम्ही ट्रॅक्टर घेणार असं कळलं. घ्या. पण घेण्याआधी वाट मोजून घ्या. मग काय ते लिहून कळवा. चतुराबाई.'

मी मास्तर नाही. पिंपरीच्या एका छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली. पण चष्मा आणि बगलेत पुस्तक बघून चतुराबाईंनी पहिल्याच भेटीत मला मास्तर करून टाकलं, आणि ती चूक दुरुस्त करायचं धाडस मला झालं नाही.

चाकणच्या पुढे, भामा नदीच्या अलीकडे आमची एक एकर जागा आहे. आंबा, चिकू, सीताफळ, आणि मधोमध दोन खोल्यांचं घर. पिंपळे सौदागरचा फ्लॅट मुलाला सोडून आम्ही दोघांनी तिकडे राहायला जायचं ठरवलं होतं. अडचण गवताची. पावसाळा संपला की झाडं दिसेनाशी होत. भाड्याचे ट्रॅक्टरवाले एका एकरासाठी फिरकत नसत. आले तर झाडांच्या फांद्या मोडून जात. म्हणून स्वतःचा ट्रॅक्टर. मी वाचणारा माणूस. ट्रॅक्टरवरही आधी वाचलंच. वाचून एवढं कळलं की घराच्या जागेसाठी नुसते अश्वशक्तीचे आकडे बघू नयेत. दोन ओळींतलं अंतर, वळायला लागणारी जागा आणि जमीन ओली असताना पडणारं वजन आधी बघावं. त्या हिशेबानं मला लहानच ट्रॅक्टर पुरेसा होता. तसं मी ठरवलंही होतं. पण माझ्या ठरवण्याचं आयुष्य फार नसतं.

कार्ड आलं ते सोसायटीच्या वॉचमननं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "काका, वाट मोजा म्हणतायत." म्हणजे त्यानं वाचलं होतं. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या बबनरावांनीही वाचलं होतं. बबनराव आमच्याच मजल्यावर राहतात. कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली आणि आता जागांचे व्यवहार जुळवतात. दसऱ्याला मी त्यांना आमची जागा दाखवायला नेलं होतं. सीताफळं खाऊन खूष झाले होते.

"नाईकनवरे," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "शब्द बघितला का? मोजून घ्या."

"बघितला."

"मोजणी लावणार बाई. सरकारी मोजणी. वाट तिच्या बांधावरून जाते ना? आधी असं गोड कार्ड येतं, मग भूमापक येतो, मग खांब येतात. तुमच्या खरेदीखतात वाटेची रुंदी लिहिलीय?"

घरी येऊन खत काढलं. 'पूर्वापार वहिवाटीची गाडीवाट', एवढंच होतं. रुंदी नव्हती.

ज्यानं जन्मभर एकेका वेलांटीवर बोट ठेवलं, त्याला असा शब्द झोपू देत नाही. 'मोजून घ्या.' कपडा मोजून घेतात, दूध मोजून घेतात. पण आमच्या भूमकडे, जिथून मी आलो, दोन भावांत 'मोजून घेऊ' हा शब्द निघाला की त्यानंतर एकमेकांच्या घरी पाणी पीत नाहीत. चतुराबाईंना कोणता अर्थ अभिप्रेत होता? आणि 'लिहून कळवा' कशासाठी? माझ्या हातचं लिहिलेलं त्यांना कुठे दाखल करायचं होतं? आणि कार्ड पाठवण्याऐवजी त्या फोन का करत नव्हत्या? हा प्रश्न मी मंजुषाला मोठ्यानं विचारला.

"अनोळखी नंबर तुम्ही उचलता का कधी?" ती म्हणाली.

मी उचलत नाही. मोबाइलमध्ये एकाच नंबरचे बरेच न घेतलेले फोन दिसले. तेवढ्यानं संशय कमी व्हायला हवा होता, पण उलट वाढला. एवढी घाई कसली?

पुढच्या रविवारी आम्ही जागेवर गेलो. मुख्य रस्त्यापासून आमच्या फाटकापर्यंत वाट चतुराबाईंच्या शेताच्या कडेनं जाते. मध्ये एक वळण आहे. एका अंगाला त्यांच्या घराचा कोपरा, दुसऱ्या अंगाला विहिरीचा कठडा. त्या वळणाच्या पुढे, कांद्याच्या रोपांच्या वाफ्याला लागून, चुना फासलेल्या दगडांची ओळ मांडलेली होती. पूर्वी ती नव्हती. दगड वाटेच्या बाजूला सरकलेले आहेत की वाफ्याच्या, ते मी चालता चालता डोळ्यांनी मापायचा प्रयत्न केला. एकदा वाटलं, वाट खाल्ली. परतताना वाटलं, नाही. चतुराबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. एरवी "या मास्तर, च्या घ्या" म्हणणारी बाई. त्या दिवशी त्यांनी नुसतं बघितलं. मीही मान खाली घालून गेलो.

"तिने हाक नाही मारली," मी फाटक उघडताना म्हटलं.

"तुम्ही तरी कुठे मारलीत?" मंजुषा म्हणाली. "तिच्या पत्राला उत्तर नाही. मी असते तर लसूण फेकून मारला असता."

पण माझ्या डोक्यात दगडच होते. वाट उद्या पायवाट झाली तर आम्ही दोघं या वयात गॅसची टाकी डोक्यावरून नेणार? पाण्याचा टँकर, खत, औषधं? घर असून तिथे राहता येणार नाही. म्हातारपणाचं सगळं ठरवणं त्या चार पावलांच्या वळणावर येऊन अडलं होतं.

बबनरावांकडे उपाय तयार होता. "मोठा घ्या, राव. पन्नासच्या आसपासचा. मागे माती उकरणारा रोटाव्हेटर लावून आठवड्याला एक चक्कर त्या वाटेनं. दोन वर्षांत वहिवाट पक्की. गाडीवाट म्हणजे गाडी जाईल ती वाट. कायद्याला काय, ट्रॅक्टरही गाडी आणि कंटेनरही गाडी."

"कंटेनर?" मी विचारलं.

"बोलायची पद्धत हो," ते हसले.

त्या हसण्यावरही मी थोडा वेळ थांबलो होतो, हे खरं. पण शब्दांवर संशय घ्यायची मला सवय; माणसांवर घ्यायचा तर आधी स्वतःचीच लाज वाटते.

चाकणच्या शोरूममध्ये बबनराव सोबत आले. तिथला विक्रेता, गणराज नावाचा, बोलायला चुरचुरीत होता. त्यानं मला लहान ट्रॅक्टरवर बसवलं. स्टिअरिंगला गुडघे लागले नाहीत, खाली उतरताना कुणाचा हात धरावा लागला नाही.

"काका, झाडांच्या दोन ओळींत किती अंतर?"

"पंधरा फूट. फांद्या खाली आल्यात."

"फाटक केवढं? जमीन काळी का मुरमाड? ट्रॉली ओढणार का नुसती मशागत?"

मी सगळ्याची उत्तरं दिली. तो म्हणाला, "मग हाच. चार चाकांना ताकद आहे, ओल्यातही फसणार नाही. रोटाव्हेटर चाकांपेक्षा जरा रुंद लावू, म्हणजे चाकाचा माग राहणार नाही. मोठा घेतलात तर तुमच्या झाडांत तो वळणारच नाही. मागे-पुढे, मागे-पुढे. अंगणात हत्ती बांधल्यासारखं."

"तो मोठा दाखव," बबनराव म्हणाले.

"काका, तो दाखवायला मला काय, मला त्यात जास्त मिळतं. पण एका एकराला…"

"माणसाला पुढचं बघावं लागतं," बबनराव म्हणाले. "डेमोला पाठव. रविवारी. जागेवर."

आता विक्रेता लहान का सुचवतो, हाही मला प्रश्न पडला. जास्त पैसे सोडून देणारा विक्रेता मी वाचला नव्हता. लहान मॉडेल खपत नसेल का? चतुराबाई त्याच्या नात्यातल्या नसतील? घरी येऊन मंजुषाला हे सांगितलं तेव्हा ती चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. "अहो, उद्या दूधवाल्यानं पाणी कमी घातलं तरी तुम्ही म्हणाल, याचा काहीतरी डाव आहे."

रविवारी मोठा ट्रॅक्टर आला. मागे रोटाव्हेटर, ड्रायव्हरच्या जागी स्वतः गणराज, चाकाच्या मडगार्डवर बबनराव. मी आणि मंजुषा पायी पुढे. माझ्या पिशवीत मोजपट्टी होती. तिला माहीत नव्हतं. वळणाशी आलो तर वाटेच्या मधोमध बाज टाकून चतुराबाई बसल्या होत्या. सूप मांडीवर, तांदूळ निवडणं चाललेलं.

गणराजनं इंजिन बंद केलं. "मावशी, जरा बाजूला होता का?"

"का? तांदळात खडं हायत, निवडून हुतील तवा उठंन."

"डेमो आहे मावशी."

"कुनाचा? माजा?"

बबनराव खाली उतरले. "बाई, ही वहिवाटीची वाट आहे. अडवता येत नाही."

चतुराबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पण त्यांच्याशी न बोलता माझ्याकडे वळल्या. "मास्तर, ह्यो मानूस तुमचा हाय का?"

"आमच्या सोसायटीतले आहेत," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मलाच तो दुसऱ्याचा वाटला.

"म्या ते इचारलं न्हाई. तुमचा हाय का? तुमी धाडलं व्हतं का ह्याला टेप घिऊन?"

"टेप?"

"दसरा झाल्यावर. एकलाच आला. हितून तितवर टेप लावला. म्या इचारलं तर म्हनला, मास्तर मोठा ट्रॅक्टर घेनार, वाट रुंद करावी लागंल, तुमचा वाफा जाईल, किंमत बोला. दुसऱ्या दिशी म्या दगडं लावली. फोन केलं. तुमी उचलंना. मग कार्ड टाकलं. म्हनलं, दुसऱ्याच्या टेपानं कशाला, सवता मोजून घ्या. तर त्याचं बी उत्तर न्हाई. मग म्या काय समजू?"

मी बबनरावांकडे बघितलं. ते कठड्याकडे बघत होते.

"सहज गेलो होतो, राव. तुमच्याच भल्याचं होतं," ते म्हणाले. "वाट बारा फुटी झाली की जागेचं काय होतं ते तुम्हाला माहीत नाही."

"मला म्हाईत हाय," चतुराबाई म्हणाल्या. "माज्या दिराच्या जागंचं हुतं तसंच हुतं." त्यांनी हात केला. त्यांच्या शेतापलीकडे, जिथे पूर्वी हरभरा असायचा, तिथे निळ्या पत्र्याचं लांबच लांब गोदाम उभं होतं. "तिथं बी आदी ट्रॅक्टरच आला. मग जेसीबी आला. मग कंटेनर आलं, आन् दिराचं घर रस्त्यात गेलं. आता माझं व्हईल. ह्यो कोपरा पडंल आन् हीर बुजंल. मास्तर, तुमी जागा इकनार का? सरळ सांगा. म्या मग सरळ भांडंन."

"नाही," मी म्हणालो.

"लई हळू म्हनला."

मंजुषा मध्ये पडली नाही. मला वाटलं होतं ती पडेल.

"चतुराबाई," मी म्हणालो, "तुम्ही 'मोजून घ्या' लिहिलं. मला वाटलं तुम्ही मोजणी लावणार. वाट बंद करणार."

 चतुराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मोजनी? आवं मोजनीला पैकं पडत्यात! म्या मोजनी कशाला लावीन? वाट हितं लिवल्याली हाय की!"

त्या उठल्या आणि बाज स्वतःच बाजूला ओढली. खाली, वळणाच्या नेमक्या जागी, जमिनीतून वर आलेला काळा खडक होता. मी त्याच्यावरून कितीतरी वेळा चाललो होतो. त्यात दोन खोल रेघा होत्या, गुळगुळीत, समांतर.

"ही चाकोरी. माज्या सासऱ्याच्या, त्याच्या बी बापाच्या बैलगाडीची. ह्या दोन रेघांत बसंल ती गाडी. खुशाल न्या, मरस्तवर न्या. न्हाई बसली तर ती ह्या वाटंची गाडी न्हवं."

चाकोरी. हा शब्द मी शेकडो मुद्रितांत वाचला होता. चाकोरीबद्ध जीवन, चाकोरीबाहेरचा विचार. माझ्याविषयी कुणी काही लिहिलंच तर पहिलाच प्रकार लिहितील. पण शब्दाला अशी खोली आणि रुंदी असते, तिच्यात पावसाचं पाणी साचतं, त्यात कोंबडी चोच बुडवते, हे मी पहिल्यांदा बघत होतो.

मी पिशवीतून मोजपट्टी काढली. मंजुषा म्हणाली, "अगं बाई!" गणराजनं दुसरं टोक धरलं. आधी खडक मोजला, मग ट्रॅक्टर. ट्रॅक्टर बराच बाहेर जात होता, रोटाव्हेटर तर कठड्यालाच भिडला असता.

"आणि लहान?" मी विचारलं.

"लहानाची मागची चाकं आत-बाहेर करता येतात," गणराज म्हणाला. "बाहेरच्या भोकांत बसवली की बरोब्बर इथे येतील. साडेचार फुटांच्या आत. मी काका शोरूममध्येच म्हणत होतो—"

"म्हणत होतास," मी म्हणालो.

तो ट्रॅक्टर मागच्या मागे घेऊन गेला. बबनराव त्याच्याबरोबर गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक ऐका. घ्यायचा तो घ्या, पण बाईला लिहून काही देऊ नका. एकदा लिहिलंत की तुमची वाट कायमची साडेचार फुटी. नातवंडं शिव्या देतील."

चतुराबाईंना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी आम्हाला चहा दिला, लसणाची चटणी बांधून दिली, आणि निघताना म्हणाल्या, "मास्तर, त्वांडानं न्हाई म्हनला, ऐकलं. पर माझा इश्वास आजून बसला न्हाई. लिवून धाडा. आन् हातात आनून देऊ नका, पोस्टानं धाडा. शिक्का पडला म्हंजी तारीख लागती."

लिहायचं ठरवून मी टेबलाशी बसलो, आणि बसूनच राहिलो. बबनरावांवर माझा आता विश्वास नव्हता, पण त्यांचं वाक्य खोटं नव्हतं. लिहिलेलं राहतं. चतुराबाई आज चहा देतात. उद्या त्यांचा मुलगा, सून, कुणी दुसरा मालक? माझं कार्ड काढून माझ्याच टँकरसमोर धरतील. आणि याच्याही खाली एक गोष्ट होती. 'बारा फुटी' हा शब्द ऐकला तेव्हा माझ्या मनात क्षणभर जागेच्या किमतीचा एक आकडा येऊन गेला होता. चतुराबाई म्हणाल्या, लई हळू म्हणालात. त्यांचे कान तीक्ष्ण आहेत.

हे मंजुषाला सांगायला मला बरेच दिवस लागले. तेवढ्यात कांद्याची रोपं शेतात लागूनही गेली. तिने भाजी चिरताना ऐकलं.

"तुम्हाला तिथे राहायचंय की ती विकायचीय?" ती म्हणाली.

"राहायचंय."

"नक्की?"

"हो."

"आता जरा मोठ्यानं आलं," ती म्हणाली. "मग राहायला किती रुंद वाट लागते? आपल्या दोघांना मिळून?"

दुसऱ्या दिवशी मी शोरूमला फोन करून लहान ट्रॅक्टर नक्की केला. चाकं बाहेरच्या भोकांत बसवून द्यायची, हे दोनदा सांगितलं. मागे तेवढ्याच रुंदीची ट्रॉलीही सांगितली, म्हणजे पाणी, गॅस, खत तिच्यातून येईल. मग कोरं कार्ड घेतलं. पहिला मसुदा कागदावर केला, तो तपासला, खोडला. 'मोठी गाडी आणणार नाही' असं लिहिलं तर न्यायची मोकळीक राहते, म्हणून 'आणणार वा नेणार नाही' केलं. मंजुषा मागून वाचत होती. "आणि उद्या तुम्हाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? गाडी चाकोरीत बसते का ते बघत बसू?" म्हणून 'अडीअडचण सोडून' घातलं. पण अडीअडचणीत तर कंटेनरही बसतो. ते काढून 'दुखणंखुपणं सोडून' केलं. शेवटी कार्ड असं झालं :

'चतुराबाईंस नमस्कार. वाट स्वतः मोजली. ट्रॅक्टर लहान घेतला आहे, चाकोरीत बसतो. याहून रुंद गाडी या वाटेनं आम्ही, दुखणंखुपणं सोडून, आणणार वा नेणार नाही. वाट रुंद करा असं कधी म्हणणार नाही. तुम्हीही ती याहून अरुंद करू नये. जागा विकणार नाही. तुमचा, नाईकनवरे. (मी मास्तर नाही.)'

कंस खोडावा असं वाटलं. मंजुषा म्हणाली, राहू द्या.

तिने कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवले. माझ्या सांगण्यावरून, हे मी नाकारत नाही.

खाली उतरलो तर वॉचमनशेजारी बबनराव बसलेले. त्यांनी माझ्या हातातलं कार्ड बघितलं आणि सवयीनं हात पुढे केला. मी एरवी ते खिशात घातलं असतं. त्या दिवशी दिलं. त्यांनी सगळं वाचलं, सावकाश, वॉचमननं त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"राव," बबनराव कार्ड परत देत म्हणाले, "स्वतःच्या हातानं जागेची माती केलीत."

"मातीच आहे ती," मी म्हणालो. हे मला वेळेवर सुचलं, याचं मलाच नवल वाटलं.

"पिनकोड राहिलाय, काका," वॉचमन म्हणाला.

त्याच्याच पेननं मी पिनकोड घातला. चौकातल्या लाल पेटीपर्यंत चालत गेलो. कार्ड फटीत अर्धं घातलं, पुन्हा बाहेर काढून 'नेणार नाही' वाचलं, आणि सोडलं. आत पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून पेटीवर एक थाप मारली. मग आला.